मोरकंठीचे राखणदार

एका राज्यात, जिथे तांबडे कडे थेट समुद्रात उतरतात, तिथे एक किनारा होता. तो इतका देखणा, की वाटसरू आपली वाट विसरत. वाळू तांदळाच्या पिठासारखी पांढरी, कड्यांवर केवड्याची बने, आणि पाणी मोराच्या गळ्यासारखे, क्षणात निळे, क्षणात हिरवे. लोक त्याला मोरकंठी म्हणत. दूरदूरच्या मुलखांतून माणसे तो पाहायला येत. पण पाण्यात पाऊल कोणी घालीत नसे. त्या पाण्याने ज्याला एकदा धरले, त्याला पुन्हा कधी सोडले नव्हते. वाळूत काळ्या दगडांची एक रांग मांडलेली होती. तिच्या अलीकडे उभे राहावे, डोळे भरून पाहावे आणि घरी जावे, असा राजाचा हुकूम होता.

त्या पाण्यात बुडालेली माणसे मरत नसत. ओहोटीला पाणी निवळले, की ती तळाशी उभी असलेली दिसत. बायका, पुरुष, म्हातारे, तरणे. सगळ्यांची पाठ किनाऱ्याकडे आणि तोंड खोल समुद्राकडे. त्यांचे केस पाण्याबरोबर हलत, अंगावरची वस्त्रे हलत. माणसे हलत नसत.

त्यांच्यात राजा विजयकेतूही होता.

एका वसंतात एक नवी नवरी नवऱ्यासोबत किनारा पाहायला आली होती. वाऱ्याने तिचा शेला उडाला, ती हसत त्याच्यामागे धावली आणि दगडांची रांग कधी ओलांडली हे तिलाच कळले नाही. लाटेने तिला उचलले. राजा कड्यावर होता. पुराच्या नदीत पोहणारा तो पुरुष. त्याने मागेपुढे पाहिले नाही. नवरी वाचली नाही आणि राजाही परतला नाही.

त्या दिवसापासून राणी कुमुदिनी रोज ओहोटीला किनाऱ्यावर येऊन बसे. पाणी निवळे आणि राजाची पाठ दिसे. रुंद खांदे, मानेवर रुळणारे केस, डाव्या खांद्यावर वाऱ्याने उडाल्यासारखे तरंगणारे उपरणे. चेहरा कधीच दिसत नसे. राणी पाठीशीच बोले. भरती येई, पाणी गढुळे, आणि ती उठून राजवाड्यात जाई.

तिच्याशेजारी आणखी एक बाई येऊन बसे. ती दोर वळणारी भागुबाई. तिचा सिदा शिंपले वेचताना गेला होता. भागुबाई गुडघ्यावर काथ्या घेऊन दोर वळी आणि मुलाला घरची खबर सांगे. "सिदा, गाय व्याली रे. कालवड झाली." मग राणीकडे वळून म्हणे, "एकदा तोंड दिसायला हवे होते, राणीसाहेब. पाठ काय, कोणाचीही असते."

"पाठ तरी दिसते आहे, भागुबाई," राणी म्हणे. "तीही नसती तर?"

अशी वर्षांमागून वर्षे गेली. इकडे राज्याची घडी विस्कटत चालली. एके दिवशी प्रधान किनाऱ्यावर आला आणि हात जोडून म्हणाला, "महाराणी, महाराज हयात आहेत असे धरावे, की नाहीत असे? हयात असतील तर आज्ञा कोणाची घ्यावी? नसतील तर महाराजांच्या धाकट्या बंधूंना, युवराजांना, अभिषेक करावा लागेल. सीमेपलीकडचे लोक आपले गुराढोरांचे कळप हाकून नेत आहेत. गादी रिकामी आहे आणि रिकामी नाहीही."

"ते समोर उभे आहेत," राणी म्हणाली. "तुम्हीच पाहा आणि तुम्हीच ठरवा."

प्रधानाने पाहिले. मान खाली घालून तो परत गेला.

त्याच संध्याकाळी एक कुररी उडत आली आणि काळ्या दगडावर बसली. कुररी म्हणजे समुद्रावर फिरणारे पांढरे पाखरू. ही मात्र माणसासारखी बोलत होती. ती म्हणाली, "राणी, तुझा नवरा खजिन्याची राखण करतो आहे."

"कोणाच्या खजिन्याची?"

"त्याच्याच पणजोबाच्या. शत्रू चालून आला तेव्हा त्याने आपली पेटी या खाडीच्या तळाशी बुडवली आणि मांत्रिक भैरवशर्म्याकडून पाणी मंत्रून घेतले. जो या पाण्याला शिवेल तो पेटीचा राखणदार होईल, असा तो मंत्र. शत्रू गेला, पणजोबा गेला. मंत्र तसाच राहिला."

"तो उतरवता येतो?"

"ज्याने घातला त्याला विचार. कड्याच्या पोटातल्या गुहेत तो अजून आहे."

राणी गुहेत गेली. तिथे भैरवशर्मा बसला होता. त्याच्या दाढीत शेवाळ उगवले होते, डोळे मिटण्याइतके बळही पापण्यांत उरले नव्हते. मंत्र टिकेल तोवर मांत्रिकाला मरण नव्हते.

"ये, बाई," तो म्हणाला. "तुझी वाट पाहून थकलो. पेटीचे कुलूप तीन गोष्टींनी उघडते. सूर्याने न पाहिलेली वाळू. पाण्याने न विझणारा निखारा. तिसरी गोष्ट या दोन आणल्यावर सांगेन."

"कुलूप उघडले की महाराज सुटतील?"

"सुटतील," भैरवशर्मा म्हणाला.

राणीच्या अंगात कितीतरी काळाने रक्त फिरले. त्याच पावली ती निघाली.

सूर्याने न पाहिलेली वाळू होती कड्याखालच्या नागिणीच्या वेटोळ्यात. नागीण आंधळी होती आणि अंधाराची भुकेली होती. ती म्हणाली, "वाळू ने, पण तुझ्याजवळचा काळोख मला दे." राणीने आपले केस पुढे केले. नागिणीने त्यांच्यावरून जीभ फिरवली आणि त्यांचा काळा रंग पिऊन टाकला. राणी वाळूची मूठ घेऊन बाहेर आली, तेव्हा तिची वेणी काशगवताच्या फुलासारखी पांढरी झाली होती.

पाण्याने न विझणारा निखारा समुद्रातल्या वडवानलाचा. तो दूर एका खडकाच्या फटीत जळत होता. कुररीने एका म्हाताऱ्या कासवाला जागे केले. त्या कासवाला कोणाचाच मंत्र लागत नसे. राणी त्याच्या पाठीवर पाय पोटाशी घेऊन बसली आणि पाण्याचा थेंबही अंगाला लागू न देता खडकापर्यंत गेली. निखारा धरायला भांडे नव्हते. तिने तो तळहातावर घेतला. परत येईपर्यंत तिच्या हातावरच्या सगळ्या रेषा जळून गेल्या होत्या. तिला वेदना झाल्या, पण ती मनात म्हणत होती, उद्या ते वळतील, उद्या ते माझ्याकडे पाहतील.

वाळू आणि निखारा तिने भैरवशर्म्यापुढे ठेवले. "आता तिसरी गोष्ट सांगा."

"तिसरी गोष्ट म्हणजे शब्द," तो म्हणाला. "खजिना ज्याच्या वंशाचा, तो आज राखणदारांत उभा आहे. त्याच्यावर जिचा हक्क आहे तिने त्याला नावाने हाक मारायची आणि म्हणायचे, राखण संपली, आता जा. तो गेला की कुलूप उघडेल आणि बाकीचेही सुटतील."

"जा? कुठे जा?"

गुहेच्या तोंडाशी बसलेली कुररी म्हणाली, "जिथे मेलेली माणसे जातात तिथे."

"तुम्ही म्हणालात, सुटतील!"

"मी सुटतील म्हणालो, बाई. परत येतील म्हणालो नाही."

"आणि मी हा शब्द उच्चारला नाही तर?"

"तर ते उभेच राहतील. त्यांचे पाय दुखतात, त्यांना थंडी वाजते, डोळे मिटता येत नाहीत. पण म्हातारे होणार नाहीत. तुला रोज दिसतील."

राणीने वाळू पदराच्या एका टोकाला बांधली, निखारा हातात घेतला आणि ती किनाऱ्यावर परत आली. ओहोटी होती. राजाची पाठ दिसत होती. तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. तिच्याने तो शब्द बोलवेना.

दुसऱ्या दिवशीही बोलवेना. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. भागुबाईने विचारले, "राणीसाहेब, केस असे कशाने झाले? हाताला काय झाले?" राणी म्हणाली, "काही नाही." जिचा मुलगा पाण्यात उभा होता, त्या बाईलाही तिने काही सांगितले नाही. सांगितले असते तर भागुबाई म्हणाली असती, बोला, आत्ताच्या आत्ता बोला. आणि राणीला ते ऐकायचे नव्हते. पावसाळा आला, गेला. निखारा तळहातावर जळत राहिला. राणी रोज पाठ पाहत राहिली.

मग एका दुपारी भागुबाईने हातातला दोर खाली ठेवला. पदर खोचला. "राणीसाहेब, गाय गेली माझी," ती म्हणाली. "आता घरचे सांगण्यासारखे काही राहिले नाही. जरा पोराचे तोंड पाहून येते."

"भागुबाई, थांबा! तिथे गेल्यावर परत..."

"ठाऊक आहे मला," भागुबाई म्हणाली, आणि शेजाऱ्याच्या अंगणात जावे तशी दगडांच्या रांगेपलीकडे गेली. राणीने धावत जाऊन तिचा पदर धरला. पदराचा तुकडा हातात राहिला. पाणी भागुबाईच्या डोक्यावरून गेले तेव्हा ते फार सुंदर दिसत होते, हिरवे आणि सोनेरी.

पुढच्या ओहोटीला पाणी निवळले. सिदा उभा होता. त्याच्या मागे, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, भागुबाई उभी होती. तिचेही तोंड खोल समुद्राकडे होते. तिला मुलाची पाठ दिसत होती. एवढीच.

राणी उठली. तिने सूर्याने न पाहिलेली वाळू पाण्यावर फेकली. पाण्यात वाट पडावी तशी एक काळी रेघ तळापर्यंत उतरली. तिने निखारा फेकला; तो त्या रेघेतून जळतच खाली गेला आणि पेटीच्या कुलपावर जाऊन बसला. मग तिने हाक मारली. नवऱ्याचे नाव घेऊ नये म्हणून तिने ते आजवर कधी घेतले नव्हते.

"विजयकेतू! राखण संपली. आता जा."

राजाने मान वळवली. मग खांदे, मग सगळे अंग. किती वर्षांनी तिला त्याचा चेहरा दिसला. तो तरुण होता, गेला तेव्हा होता तसाच. पण इतका दमलेला चेहरा तिने दुसऱ्या कोणाचा पाहिला नव्हता. डोळे लाल होते. ओठ निळे होते. त्याने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, आणि त्याने तिला ओळखले की नाही, हे तिला कळले नाही. मग एखादा हमाल ओझे उतरवून बसतो तसा तो खाली बसला, वाळूवर आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले.

कुलूप उघडले. पेटी फुटली. आत सोने होते, पण पाण्याने काळे पडलेले आणि एकमेकांना चिकटून दगड झालेले. ते वाळूत रुतले आणि कोणी ते काढायला गेले नाही. एकेक राखणदार वळत गेला. भागुबाईपुढचा सिदा वळला, त्याने आईला पाहिले, आणि दोघे मिठी मारूनच खाली बसली. गुहेत भैरवशर्म्याच्या पापण्या मिटल्या. कुररी कड्यावरून उडाली आणि पुन्हा कोणाशी बोलली नाही.

भरतीने सगळ्यांना किनाऱ्यावर आणून ठेवले. गावोगावची माणसे आपापली माणसे ओळखायला आली. त्या नव्या नवरीचा नवरा आता पिकल्या मिशांचा झाला होता. आपल्या कोवळ्या बायकोपाशी तो एखाद्या बापासारखा बसला होता. वाळूवर चिता पेटल्या. राजाला अग्नी दिला गेला. प्रधानाने धाकट्या युवराजाला गादीवर बसवले, सीमेवर सैन्य गेले, कळप परत आले. दगडांची रांग लोकांनी उपसून काढली.

मोरकंठीचे पाणी मात्र इतर कोणत्याही समुद्रासारखे मातकट झाले. पाहुणे येईनासे झाले. आता तिथे होड्या लागतात, कोळी जाळी धुतात, मुले दिवसभर डुंबतात आणि आयांच्या हाकांना दाद देत नाहीत.

सुतक फिटल्यावर राणी कुमुदिनी एका सकाळी तिथे गेली. ओहोटी होती. दासी मागे उभ्या राहिल्या आणि ती जन्मात पहिल्यांदा त्या पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत. लाट आली, लुगडे भिजवून गेली. तिने खाली पाहिले. तळाशी वाळू होती, आणि वाळूवरून एक खेकडा तिरका चालत गेला. दासी हाका मारू लागल्या, तरी ती उभीच होती. बाहेर यायला तिला काही कारण सापडत नव्हते.