घाऊक सभासदत्व

अमरगडच्या राजाचे मेहुणे सर्जेराव यांनी गावाबाहेर भलंमोठं कोठार बांधलं आणि दवंडी पिटवली, की इथं माल घाऊक आणि स्वस्त मिळेल. मात्र प्रत्येक घरानं वर्षाची वर्गणी भरून सभासद झालंच पाहिजे.

पहिल्या दिवशी खुद्द राजा आला. सर्जेरावांनी मोठ्या ऐटीत कासार आळीतल्या बयोबाईला पुढे बोलावलं. तिच्या घरात ती आणि नवरा, दोघंच.

“पावशेर गूळ द्या,” ती म्हणाली.

“इथं सुटं मिळत नाही. अख्खी ढेप घ्या.”

“दोघांना ढेप? मग मुंग्यांचीही वर्गणी भरू का?”

लोक हसले. सर्जेराव भडकले. “बाई, तुम्हाला व्यवहार कळत नाही. कुठलीही गोष्ट घाऊक घेतली की स्वस्तच पडते!”

“कुठलीही?”

“कुठलीही! महाराजांसमोर सांगतो.”

“मग आमच्या आळीला सभासदत्वही घाऊक द्या. सगळ्या घरांत मिळून एकच वर्गणी.”

सर्जेरावांनी राजाकडे पाहिलं. राजा मिशीतल्या मिशीत हसत होता. सर्जेराव शब्द तर देऊन बसले होते.

“दिलं!” ते चिडून म्हणाले. “पण ढेप फोडून घरोघरी मापून कोण देणार? त्याला वेगळा माणूस लागेल!”

“आहे की,” बयोबाई म्हणाली. “त्याला आम्ही वाणी म्हणतो. आणि त्याच्या दुकानात शिरायला वर्गणी पडत नाही.”

राजानं हसत हसत तिथंच सक्ती उठवली. घरात लग्नकार्य असलेले दोघे-चौघे तेवढे सभासद झाले. बाकीची गर्दी वाण्याच्या दुकानाकडे वळली.