समोर काही नसताना थांबणारा ड्रोन

"म्हंजे म्होरं काय न्हाई, तरी थांबतंय?" बुवांनी विचारलं.

"काहीच नाही, बुवा. नुसतं आभाळ."

"आणि थांब म्हणून कोण सांगतंय त्याला?"

"कुणीच नाही. त्याचं तोच ठरवतो. स्क्रीनवर लाल पट्टी येते, समोर अडथळा आहे म्हणून. मग जागचा हलत नाही."

"आस्सं," बुवा म्हणाले, आणि पुढ्यातल्या शेंगा फोडत राहिले.

इंद्रजित खोत मठाच्या ओसरीवर मांडी घालून बसला होता. समोर सतरंजीवर ड्रोन. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या टेकडीवर मठाची पालखी निघते आणि तीन वर्षं तिचं वरून चित्रण इंद्रजितच करायचा. दोन तासांत पालखी उठणार होती. अंगण माणसांनी भरत चाललं होतं. आणि ड्रोन मात्र दहा फूट वर जाऊन, वीतभर पुढं सरकून, अडून राहिलेल्या म्हशीसारखा तिथंच उभा राहायचा.

इंद्रजितला साधा फोटोग्राफर म्हटलेलं चालायचं नाही. पंचक्रोशीतला पहिला ड्रोन त्याचा, हे तो ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगायचा. कधी कधी तिसऱ्या. बुवांकडे तो सल्ला विचारायला आला नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, साधा मोबाईल वापरत नाही, तो काय सांगणार? पाया पडायला वाकला, बुवांनी सहज "कसं चाललंय?" म्हटलं, आणि त्याचा दोन दिवसांचा वैताग बाहेर पडला, इतकंच.

बुवा मठात येण्याआधी बावीस वर्षं मिरजेत चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. इंद्रजितला हे ठाऊक होतं. पण चष्म्याच्या काचांचा आणि ड्रोनचा संबंध काय, असं त्याचं मत.

"काय काय करून बघितलंस?"

हा प्रश्न मात्र त्याला आवडला.

"सगळं केलं, बुवा. बंद करून चालू केला. बॅटरी बदलली. अपडेट टाकलं. पंखे काढून परत बसवले. उन्हाकडं तोंड होतं म्हणून फिरवून बघितला. काल लॅपटॉपला जोडून कॅलिब्रेशन करायला घेतलं, म्हणजे त्याची नजर जुळवून घ्यायची असते, तर ते अर्ध्यात येऊन अडकतं. तीनदा केलं. तीनदा अडकलं."

"लई केलंस."

"माझ्या जागी दुसरा कुणी असता ना, तर केव्हाच दुकानात पाठवून मोकळा झाला असता."

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला.

"मग आता?"

"आता एकच राहिलंय. थांबायची सोयच बंद करून टाकायची. सेटिंगमध्ये आहे तसं. एकदा बंद केली की म्हणेन तिकडं मुकाट जाईल."

"आणि म्होरं खरंच काय आलं तर?"

"तर मी आहे की. मी थांबवीन."

"तू."

"हो. मी."

"उडवताना तू बघतोस कुठं? त्याच्याकडं?"

"नाही... स्क्रीनकडं."

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

अंगणात पोरं फुगे घेऊन पळत होती. एक बाई लेकराला कडेवर घेऊन पिंपळाखालच्या पारावर चढली, पालखी नीट दिसावी म्हणून. इंद्रजितनं रिमोट उचलला, सेटिंग उघडलं आणि बोट त्या बटणावर नेलं.

"आण हिकडं," बुवा म्हणाले.

"रिमोट?"

"त्याचं मला काय कळतंय. ते आण."

इंद्रजितनं ड्रोन त्यांच्या हातात दिला. "जपून हं, बुवा," असंही म्हणाला. बुवांनी शेंगांची टरफलं झटकली, धोतराला हात पुसले, आणि ड्रोन उजेडाकडं धरून एक डोळा बारीक केला. गिऱ्हाइकाचा चष्मा धरावा तसा.

"ही मोठी काच कसली?"

"कॅमेरा. चित्र त्यातून येतं."

"लख्ख हाय."

"असणारच. रोज पुसतो. परवा खंडेनवमीला पूजा झाली, तेव्हा तिच्यावरही कुंकू लागलं होतं. लगेच काढलं मी."

"आणि हे वरलं? कपाळावर, दोन?"

"तेही कुंकूच. बायकोनं लावलेलं."

"हे काढलं न्हाईस."

"पूजेचं आहे ना, बुवा. पूजेचं कुंकू कसं पुसायचं? आणि तिथं कॅमेरा थोडाच आहे. ते नुसते..."

इंद्रजित थांबला.

"नुसते काय?"

इंद्रजितनं वाकून जवळून बघितलं.

"बोल की."

"डोळे," इंद्रजित म्हणाला. "पुढचं दिसायचे डोळे."

त्याचे कान लालभडक झाले. दोन दिवस अपडेट टाकतोय, पंखे काढतोय, लॅपटॉपला जोडतोय, आणि डोळ्यांवर कुंकवाची ही दोन वाळलेली बोटं. बिचाऱ्या यंत्राला जिकडं तिकडं अडथळाच दिसणार, दुसरं काय दिसणार? गावात हे कुणाला कळलं तर वर्षभर तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

आणि शरमेचा राग व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यानं खिशातून फोन काढला.

"कुणाला लावतोस?"

"वैजयंताला. शंभरदा सांगितलंय, माझ्या सामानाला हात लावू नकोस म्हणून. कॅमेऱ्याच्या पेटीला लाव, तिपाईला लाव, तर नाही. आज तिच्यापायी पालखी हुकली असती!"

"लाव, लाव," बुवा म्हणाले. "पर त्याआधी एक सांग. ह्या काचा केवढ्या?"

"हरभऱ्याएवढ्या."

"आणि कुंकू बराबर मधोमध. दोन्हीवर. असं काय चुकून लागतंय व्हय?"

इंद्रजितनं पाहिलं. खरंच, कडेला एक कणही सांडला नव्हता. अंगठीच्या बोटानं, अगदी हलक्या हातानं लावलेलं.

"न्हाई," तो म्हणाला. त्याची शहरी मराठी कुठल्या कुठं गेली होती. "मुद्दाम लावलंय."

"का?"

"मला काय ठाऊक, का ते..."

बुवांनी ड्रोन मांडीवर ठेवला.

इंद्रजितनं ते दोन लाल ठिपके परत पाहिले. आणि मग त्याला श्रावणातली ती दुपार आठवली.

घरच्याच अंगणात तो ड्रोन उडवून बघत होता. छातीएवढ्या उंचीवरून, जोरात, मान खाली घालून स्क्रीनकडं बघत. त्याची चार वर्षांची रेवा गोठ्यामागून पळत आली. त्यानं तिला पाहिलंच नाही. वैजयंतानं पाहिलं, पण ती दारात होती, हातात दळणाचा डबा, आणि तिच्या तोंडून आवाजही फुटला नाही. ड्रोन रेवाच्या तोंडापासून हातभर अंतरावर थांबला. पंखे गरगरत होते आणि पोरीच्या बटा वाऱ्यानं उडत होत्या. रेवा टाळ्या पिटत होती.

त्या वेळी इंद्रजित काय म्हणाला होता? "बघितलंस, कसला भारी ब्रेक लागला!" असं म्हणाला होता, आणि हसला होता. वैजयंतानं पोरीला उचललं आणि एक शब्द न बोलता आत गेली. तो विषय तिथंच मिटला, असं त्याला वाटलं होतं. आठ दिवसांत तो ते विसरूनही गेला.

ती विसरली नव्हती.

त्यानं हे सगळं बुवांना सांगितलं. जे दोन डोळे त्याची पोर वाचवून गेले, ते तो आता स्वतःच्या बोटानं बंद करायला निघाला होता. भरल्या अंगणावर. पोरं फुगे घेऊन पळत असताना.

"लाव की फोन," बुवा म्हणाले.

त्यानं लावला.

"काय झालं?" वैजयंतानं पहिलंच विचारलं. "पडला व्हय?"

"न्हाई."

"मग?"

"ते कुंकू... तू मुद्दाम लावलंवतंस न्हवं? डोळ्यांवर?"



"व्हय," ती म्हणाली. "बिघडलं का काय त्यानं? मला काय म्हाईत, अहो. त्यानं रेवाला बघितलं, म्हणून त्याच्या डोळ्यांची पूजा केली. तुम्ही तर हसलात त्या दिवशी. कुणीतरी हात जोडायला नकोत?"

इंद्रजितनं नाक ओढलं. आमच्याकडं नवरे बायकोचे आभार मानत नाहीत. मानायचे झालेच तर कसे, हे कुणी शिकवलेलंही नसतं.

"वैजे," तो शेवटी म्हणाला, "बरं केलंस. लई बरं केलंस."

"रडताय व्हय?"

"न्हाई, धूळ उडतीय इथं. रेवाला घेऊन ये. पालखी उठायची हाय अजून. पुढच्या गाडीनं निघ."

त्यानं फोन ठेवला. बुवांनी बंडीच्या खिशातून चष्म्याचं मऊ फडकं काढलं.

"बघ," ते म्हणाले. "आधी फुंकर. कोरडंच घासलंस तर चरा पडंल. चरा पडला की जन्मभर राहतो."

त्यांनी वाळलेले कण फुंकून उडवले. मग तोंड जवळ नेऊन काचेवर उबदार श्वास सोडला, आणि फडक्याच्या टोकानं आतून बाहेर, एकेक डोळा पुसला. घाई नव्हती. लेकराचं तोंड पुसावं तसं चाललं होतं. फडक्याला आलेलं लाल त्यांनी बोटावर घेतलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं.

"आता उडीव."

ड्रोन वर गेला. दहा फूट, वीस फूट. इंद्रजितनं श्वास रोखून पुढं रेटला. लाल पट्टी आली नाही. ड्रोन मठाच्या कळसाभोवती सावकाश फिरून आला आणि इंद्रजितचा जीव भांड्यात पडला.

पालखी उठली तेव्हा वैजयंता रेवाला घेऊन पोचली होती. गुलाल उधळला, टाळ वाजले, भोई खांदा बदलत पाराला वळसा घालून निघाले. पालखीबरोबर ड्रोन पिंपळाकडं सरकला आणि एकाएकी थांबला. लाल पट्टी.

काल असतं तर इंद्रजितनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज त्यानं स्क्रीनवरून मान वर केली. पिंपळाची एक खाली आलेली फांदी, आणि तिला लोंबकळणारा कुणाचा तरी सहा-सात वर्षांचा पोरगा. पाय हलवत, पालखी बघत.

"थांब, राजा," इंद्रजित ड्रोनला म्हणाला. "थांब. तुझंच खरं."

दोन्ही हातांत रिमोट होता, तरी तो तसाच कपाळाला लावून त्यानं आभाळाकडं नमस्कार केला. लोकांना वाटलं, पालखीला करतोय. पालखीलाही होताच तो.

ड्रोन पेटीत घालून तो ओसरीवर आला. सकाळी नुसता वाकला होता. आता त्यानं बुवांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. वैजयंता मागं उभी होती. रेवा शेंगांच्या टरफलांत दाणे शोधत होती.

"बुवा, एक विचारू?"

"इचार."

"पुढच्या खंडेनवमीला कुंकू कुठं लावू देऊ हिला? पेटीला लावलं तर चालेल? की नुसत्या पंख्याला?"

बुवांनी वैजयंताकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"हितंच," ते म्हणाले. "डोळ्यांवर. लावायचं काम तिचं... पुसायचं तुझं."