हळदुलीचं मडकं

ढगांना घाई नव्हती आणि बागांना कुलपं नव्हती, त्या वेळची ही गोष्ट. टेकडीच्या कुशीत एक एवढंसं गाव होतं, गावाच्या टोकाला एक एवढंसं घर होतं, आणि त्या घरात बकुळा नावाची मुलगी राहत होती. तिची आई गेल्या हिवाळ्यात तापाने वारली. तेव्हापासून घरातलं कुंभाराचं चाक एकदाही फिरलं नव्हतं. बकुळाचे वडील, सोनबा कुंभार, दिवसभर भिंतीला टेकून बसत. पुढ्यात भाकरी ठेवली तर खात, नाही ठेवली तर मागत नसत. बकुळा होती आठ वर्षांची. तीच पाणी भरी, तीच चुलीच्या धुरात खोकत भाकऱ्या थापी, आणि तिची प्रत्येक भाकरी एका बाजूला जाड होई. हसू नका, एकदा थापून बघा.

त्या घरात आवाज असा दोघांचाच होता. ओसरीत तारेचा पिंजरा टांगलेला होता आणि त्यात दोन चिमुकले पक्षी राहत. बाजारात त्यांना लव्हबर्ड म्हणतात. एक कोवळ्या कैरीसारखा हिरवागार, चोचीच्या वर निळा ठिपका, तो कैरू. दुसरी पिवळीधमक, चोचीच्या वर तपकिरी ठिपका, ती हळदुली. बकुळाच्या आईने एका पक्षीवाल्याला बारा मडकी घडवून दिली होती. पोटाला गोल भोक पाडलेली, पक्ष्यांनी आत अंडी घालावीत अशी. त्याच्या बदल्यात त्याने ही जोडी दिली. तेरावं मडकं आईने आपल्याच पिंजऱ्यात बांधलं आणि म्हणाली, "बकुळे, ह्यात पिल्लं झाली की घर कसं गजबजून जाईल बघ." आणि पिल्लं व्हायच्या आतच ती गेली.

म्हणून बकुळाला पिल्लं हवी होती. दुसरं काही नको होतं. आईचं एवढं एकच बोलणं खरं व्हायचं राहिलं होतं.

पण पिल्लं होतात कशी, हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. हळदुलीने मडक्यात चार शुभ्र, इवलीशी अंडी घातली आणि बकुळाला दुसरं काही सुचेना. ती दिवसातून वीस वेळा भोकाला डोळा लावी. बोट घालून अंडी मोजी. चार असलेली चारच आहेत ना, हे बघायला पुन्हा मोजी. हळदुली बिचकली, बाहेर आली, ती परत आत गेलीच नाही. अंडी गार पडली. बकुळाने ती परसात पुरली आणि तिथेच मातीत बसून पोटभर रडली.

महिन्याभराने हळदुलीने पुन्हा चार अंडी घातली. आता बकुळाला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटू लागली. पाखरांना घालायचे राळ्याचे दाणे संपत आले होते, म्हणून ती सकाळी टेकडीमागच्या जुन्या बागेत गेली. कधीकाळी ती कुणा राणीची बाग होती. आता तिथे जांभळी, गुलाबी, केशरी रानफुलं मन मानेल तशी उगवत, आणि त्यांच्यात राळ्याची सोनेरी कणसंही डुलत. बकुळा कणसं खुडत होती, तेवढ्यात तिला बाभळीच्या खोडावर काहीतरी चमचमताना दिसलं.

ती एक परी होती. अंगठ्याएवढी. तिचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, गुलाबी पंख बाभळीच्या डिंकात चिकटले होते, आणि दवाने भिजून ती कुडकुडत होती. बकुळाने तिला ओढलं नाही. तोंड जवळ नेऊन तिने डिंकावर ऊन श्वास सोडला, पुन्हा सोडला, डोकं गरगरेपर्यंत सोडला. डिंक मऊ झाला तेव्हा तिने एकेक पंख नखाने सोडवला आणि परीला ओंजळीत घेऊन उन्हात बसली. पंख वाळले तशी त्यांच्यातून चंदेरी चूर उडू लागली.

"माझं नाव दवणी," परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणाच्या एका घुंगराएवढा होता. "तू मला मुठीत धरलं नाहीस, ओंजळीत धरलंस. आता तीन वेळा काहीही माग."

"माझी आई दे," बकुळा लगेच म्हणाली.

"ते मला येत नाही गं," दवणी हळूच म्हणाली. "येत असतं तर तू मागायची वाट बघितली नसती."

बकुळाने मान खाली घातली. मग म्हणाली, "मग हळदुलीच्या अंड्यातनं पिल्लं येऊ देत."

"येतील. पण माझा एक नियम आहे. मागितलं की बघायला जायचं नाही. अठरा दिवस मडक्याला डोळा लावायचा नाही, बोट लावायचं नाही. बघितलंस की मागणं मोडलं."

बकुळाने दहा दिवस काढले. कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दाणे घालायचे, पाणी बदलायचं आणि तोंड फिरवून पळायचं. अकराव्या दिवशी मडक्यातून हळदुलीची रोजची कुरकुर ऐकू येईना. सकाळ गेली, दुपार गेली, काहीच आवाज नाही. आत हळदुली मेली असेल, असं तिच्या मनाने घेतलं आणि तिचा धीर सुटला. तिने भोकाला डोळा लावला. हळदुली मेलेली नव्हती, झोपली होती. एवढा मोठा डोळा बघून ती फडफडत उसळली, मडक्याची तार निसटली, आणि मडकं पिंजऱ्याच्या तळाशी आपटून फुटलं. अंड्यांबरोबर आईच्या हातचं मडकंही गेलं.

त्या दिवशी बकुळा रडली नाही. खापऱ्या फडक्यात बांधून तिने फळीवर ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीला टेकलेले सोनबा, त्यांच्या शेजारी भिंतीकडे तोंड केलेली बकुळा. घर अगदी गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी ती बागेत गेली. दवणी एका पिवळ्या कण्हेरीच्या फुलात बसली होती. "मी बघितलं," बकुळा म्हणाली.

"कळलं मला. अजून दोनदा मागता येईल तुला."

"पुन्हा अंडी होऊ देत आणि त्यातनं पिल्लं बाहेर येऊ देत," बकुळा म्हणाली. "ह्या वेळी मी नाही बघणार."

मडकं तर फुटलं होतं, म्हणून तिने स्वतःच एक केलं. चाकावर नाही, हातानेच. आईचं मडकं बुडाला गोल होतं, सारखं डुलायचं आणि म्हणूनच ते पडलं, असा हुशार हिशेब करून तिने आपल्या मडक्याचं बूड आतून-बाहेरून पाटासारखं सपाट केलं. कुंभाराची पोर ती, सपाटी अशी साधली की पाण्याचा थेंबही कुठे घरंगळला नसता. चुलीच्या निखाऱ्यात भाजून तिने ते पिंजऱ्यात बसवलं. ते जराही हललं नाही, तेव्हा फार दिवसांनी तिला बरं वाटलं.

लागोपाठ तिसऱ्यांदा हळदुलीने अंडी घातली. ह्या वेळी दोनच. बकुळाने अठरा दिवस तिकडे बघितलं नाही. एकोणिसाव्या दिवशी मडक्यातून बारीक, अगदी बारीक चिवचिव आली. तरी आणखी चार दिवस ती थांबली, आणि मग भीत भीत तिने डोकावलं.

एक पिल्लू निपचित पडलं होतं, कधीच गार झालेलं. दुसरं जिवंत होतं, गुलाबी, उघडंनागडं, पण त्याचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले होते. ते उठायला बघे आणि गुळगुळीत बुडावर घसरून पोटावर पडे. पिंजऱ्याच्या तळाशी हळदुली पिसं फुगवून, डोळे मिटून पडली होती. तीनदा अंडी घालून तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. पिवळाधमक रंग पार विटला होता. कैरू तिच्याभोवती फिरत नुसता चोच उघडमीट करत होता.

बकुळाने हळदुलीला ओंजळीत घेतलं आणि बागेकडे धावत सुटली. वाटेत ठेच लागली, गुडघा फुटला, पण तिने ओंजळ सोडली नाही.

"तू पिल्लं बाहेर येऊ दे म्हणालीस, तेवढंच मला करता आलं," दवणी म्हणाली. तिचे पंख मिटलेले होते. "पुढचं तू मागितलं नव्हतंस. आता एकदाच मागता येईल, बकुळा. पिल्लाचे पाय माग, नाहीतर हळदुलीचा जीव माग. दोन्ही नाही होणार."

आईचं बोलणं खरं करणारं ते एकच पिल्लू होतं. पाय असे राहिले तर ते कधी दांडीवर बसणार नव्हतं, कधी उडणार नव्हतं. बकुळाला ते सगळं कळत होतं. तिने ओंजळीतल्या विटलेल्या पिसांकडे बघितलं.

"हळदुली जगू दे," ती म्हणाली. "आई नसली की कसं होतं ते मला माहीत आहे."

"बरं. नियम तोच. घरी नेऊन ठेवलीस की हळदुली आपणहून हाक मारेपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही, तिला हात लावायचा नाही."

"पण मग तिला पाणी कोण पाजणार?"

दवणीने टेकडीपलीकडच्या बकुळाच्या घराकडे बोट दाखवलं.

बकुळा घरी आली. डोळे मिटून तिने हळदुलीला टोपलीत ठेवलं, वर फडकं घातलं आणि टोपली सोनबांच्या पुढ्यात सरकवली. "आबा," ती म्हणाली, "मला हिच्याकडं बघायला बंदी हाय. तुमी बघा."

सोनबा हलले नाहीत.

"आबा, ती मरंल. मला बघता येत न्हाई. तुमीच बघा."

ती तशीच, तोंड फिरवून उभी राहिली. गुडघ्यातून रक्त ओघळत होतं आणि तिला आता काहीच करता येण्यासारखं नव्हतं. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग मागे फडकं सरकल्याचा आवाज झाला. पाठोपाठ सोनबांचा आवाज आला, गंजल्यासारखा, कारण तो कित्येक दिवस वापरलेलाच नव्हता.

"हिला समुद्रफेस दिला न्हाईस व्हय गं?"

"त्यो काय असतो?"

"पांढरा तुकडा. तुझी आय पिंजऱ्याला अडकवायची. त्याबिगर पाखरांच्या अंगात चुना ऱ्हात न्हाई, अंडी घालून पार खंगत्यात. फळीवर डबीत बघ."

डबी फळीवरच होती, खापऱ्यांच्या गाठोड्याशेजारी. सोनबांनी समुद्रफेस खरवडून पाण्यात कालवला आणि काडीने थेंब थेंब हळदुलीच्या चोचीला लावू लागले. मग त्यांनी बकुळाचा गुडघा पुसला. मग मडक्यात बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"बूड सपाट केलंस?"

"डुलू नये म्हणून."

"अगं येडे, पाखराचं पिल्लू पाटावर कसं उभं ऱ्हाईल? पाय निसटत्यात त्याचे. तुझी आय आतनं अंगठ्यानं वाटी करायची. त्या वाटीत पाय आपसूक पोटाखाली येत्यात."

त्यांनी पिल्लाला भुसा घातलेल्या करवंटीत ठेवलं. सुताचा मऊ धागा घेऊन दोन्ही पाय सैलसर जवळ बांधायला त्यांनी बकुळाला शिकवलं, करवंटी पिंजऱ्यात ठेवली, आणि कैरूने तिच्या कडेवर बसून पिल्लाला भरवायला सुरुवात केली. मग सोनबा चाकापाशी जाऊन बसले. कितीतरी वेळ नुसतेच बसले. बकुळाने मातीचा गोळा आणून त्यांच्यासमोर ठेवला. चाक आधी कुरकुरलं, अडखळलं, आणि फिरलं. मडकं वर आलं तेव्हा सोनबांनी बकुळाचा अंगठा धरून आत बुडाशी दाबला. तिथे एक छोटीशी वाटी उमटली.

मडकं वाळलं, भाजलं, पिंजऱ्यात बसलं आणि पिल्लू त्यात गेलं. बकुळा रोज त्याच्या पायांचा धागा बघे, पण टोपलीकडे तिने एकदाही मान वळवली नाही. काही दिवसांनी धागा सोडला, पाय पोटाखाली राहू लागले, पिल्लाला हिरवी-पिवळी पिसं फुटली, तरी टोपली गप्पच होती. "जिती हाय," सोनबा रोज सांगत. त्यापुढचं विचारायला बकुळा भीत असे.

एका सकाळी ती टोपलीकडे पाठ करून भाकऱ्या थापत होती. अचानक टोपलीतून चिवचिव आली. खणखणीत, रागावलेली, भुकेली चिवचिव. मडक्यातून तिला तसंच उत्तर आलं, कैरू पिंजरा डोक्यावर घेऊन ओरडू लागला आणि ओसरी त्या गलक्याने भरून गेली.

"आता बघ," सोनबा म्हणाले. "हाक मारली तिनं."

बकुळा वळली. पिवळीधमक हळदुली टोपलीच्या कडेवर बसून पिसं झाडत होती. तिच्या शेजारी दवणी उभी होती आणि तिचे पंख सोनेरी, गुलाबी, निळे झगमगत होते.

"पिल्लाचे पाय तर मी मागितले नव्हते," बकुळा कुजबुजली.

"आणि मी दिले नाहीत," दवणी हसून म्हणाली. तिने सोनबांच्या मातीने माखलेल्या हातांकडे बघितलं, मग पिठाने माखलेल्या बकुळाच्या हातांकडे. तिच्याभोवतीचा उजेड वाढत गेला, चुलीच्या धुरातही रंगांचे कण नाचू लागले, आणि तो उजेड ओसरला तेव्हा टोपलीपाशी फक्त चिमूटभर चंदेरी चूर होती.

"तुझी आय म्हणली व्हती, घर गजबजून जाईल म्हून," सोनबा म्हणाले.

बकुळा जागची उठली नाही. तिला बघायला जावं लागलंच नाही. मडक्याच्या भोकात, आपल्या दोन पायांवर उभं राहून, पिल्लूच बाहेर डोकावून तिच्याकडे बघत होतं.