हौसाची कट्यार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी राजेसाहेबांची दाढी अर्धी झाली आणि बाळकू धारवाल्याचा संसार पुरा बुडाला!

त्याची बायको हौसा तेव्हा दारात बसून लेकीला पेज भरवत होती. चिमीला दात येत होते. हिरड्या शिवशिवत होत्या, त्यामुळे पेज बाहेर आणि चमचा तोंडात! तेवढ्यात शिपाई आले. त्यांनी बाळकूला धरलं, त्याचं धार लावायचं चाक उचललं आणि चालू लागले.

"अहो, झालं तरी काय?" हौसा पोरीला कडेवर घेऊन मागोमाग धावली.

काय झालं ते दरबारात गेल्यावर कळलं. राजेसाहेब सिंहासनावर बसले होते. उजवा गाल लोण्यासारखा गुळगुळीत, डावा गाल काढणी राहिलेल्या शेतासारखा! पायाशी गणोजी न्हावी हात जोडून बसला होता.

गंमत अशी, की दिवाण भास्करपंतांनी परमुलखातून एक भलंमोठं धारेचं यंत्र आणलं होतं. पितळेचं चाक, त्यात धारेचा दगड म्हणजे सहाण, वर घंटा, फिरवायला चार शिपाई. फिरलं की ठिणग्या अशा उडायच्या की दरबारी मंडळी टाळ्या पिटायची. सहाणेवर पाणी सोडायला मात्र पंतांची बंदी! का? तर पितळ काळं पडतं! कोरड्या सहाणेवर पाती तापून निळी पडायची आणि धार जायची ती जायचीच. वर हुकूम निघाला होता, राज्यातल्या सगळ्या सुऱ्या, कात्र्या, विळ्या ह्याच यंत्रावर घासायच्या. जो यंत्राला नाव ठेवील तो हद्दपार!

मग नाव कोण ठेवणार? राजवाड्यात कांदे बुक्कीनं फुटू लागले, तर पंत म्हणाले, "चव वाढते!" शिंप्यानं अंगरखा दातानं फाडला, तर पंत म्हणाले, "ही नवी तऱ्हा आहे!"

आज मात्र गणोजीचा घात झाला. चोरून बाळकूकडून धार लावून आणलेला वस्तरा अर्ध्या दाढीत हातातून निसटून शेजारच्या विहिरीत पडला. दुसरा वस्तरा सरकारी यंत्रावरचा! राजेसाहेब कळवळून ओरडले आणि गणोजीनं सगळं कबूल केलं.

"राजद्रोह!" पंत गरजले. "बाळकूचं चाक नदीत टाका आणि बारा वाजायच्या आत बिऱ्हाड हद्दीबाहेर!"

दात येणारं पोर, अंगात कणकण, आणि ह्या उन्हात जायचं कुठं? पण रडून भागणार नव्हतं. ती पुढं झाली.

"महाराज, माझ्या मालकाचा गुन्हा काय? लोक आपल्या पायानं येतात."

"का येतात?" राजेसाहेब डावा गाल चोळत म्हणाले. त्यांना राग होता, पण कुतूहलही होतं. "ते सिद्ध कर, सोडून देतो. मात्र यंत्राविरुद्ध एक अक्षर काढलंस, तर नवऱ्याबरोबर तूही बाहेर!"

दरबारी खुदकन हसले. यंत्राचा दोष दाखवायचा आणि यंत्राला नाव ठेवायचं नाही! बाळकूनं मान खाली घातली.

इतक्यात चिमीनं भोकाड पसरलं. आईचं मंगळसूत्र चावून तिचं समाधान होईना.

"गप कर तिला!" पंत खेकसले.

हौसानं पंतांच्या कमरेकडं पाहिलं. "पंत, ही कट्यार यंत्रावरचीच ना?"

"मग! आजच घासलीय. केस उभा चिरते!" पंतांनी छाती फुगवली.

"द्या की मग जराशी."

पंतांनी ऐटीत कट्यार काढून दिली. हौसानं ती पदरानं लखलखीत पुसली. आपल्या तळहातावर चांगली दाबून ओढून पाहिली, टोक अंगठ्यानं चेपून पाहिलं. आणि सरळ चिमीच्या तोंडात दिली!

"अगं बाई! लेकरू कापेल!" राजेसाहेब ताडकन उठले.

"घाबरू नका, महाराज," हौसा म्हणाली. "मी मुलखाची भित्री. घरात विळी उघडी ठेवत नाही, सुई दिसली तरी छपरात खोचते. पण ही कट्यार बिनघोर देते. तुमच्या यंत्राचा प्रसाद आहे!"

चिमी गप्प झाली. दोन्ही हातांनी कट्यार धरून पात्यावर हिरड्या घासू लागली. लाळ मुठीवरून टपटप गळत होती आणि पोर खिदळत होतं!

"हा यंत्राचा अपमान आहे!" पंत किंचाळले.

"अपमान कसला? तान्ह्या पोराच्या हाती द्यावं असं हत्यार दुसरं कुणी करून दाखवावं! मी तर कौतुकच करतेय."

"पंत," राजेसाहेबांनी विचारलं, "ही कट्यार कापते की नाही?"

पंतांनी तोंड उघडलं. कापते म्हणावं, तर पोर समोर हसतंय. कापत नाही म्हणावं, तर हद्दपारी! पंतांनी तोंड मिटलं.

आणि राजेसाहेब हसत सुटले! अर्धी दाढी हलेपर्यंत हसले. "बाई, एक अक्षर वाईट न बोलता तू आमचं यंत्र धुऊन वाळत घातलंस! कट्यार पोरीला खेळायला दिली. चाक परत घे. आजपासून राजवाड्याची सगळी पाती बाळकूकडं. यंत्र फिरवणारे चार शिपाई तुझ्या पोरीचा पाळणा हलवतील! आणि बाळकू, आधी एक वस्तरा लाव रे बाबा, हा गाल झोंबतोय!"

बाळकूनं तिथंच चाक मांडलं आणि सहाणेवर पाण्याची धार सोडली. हौसा दरबारी मंडळींकडं वळली. रात्री तोंड झाकून सुऱ्या घेऊन येणाऱ्यांचे हे अंगरखे तिच्या ओळखीचे होते.

"मंडळी, घरी गेलात की आयाबायांना तेवढा निरोप द्या," ती म्हणाली. "बाळकूचं चाक सुरू झालंय. आता तुमच्यासारखं मागच्या दारानं यायला नको, पुढच्या दारानं या म्हणावं!"