कोठारातले धान्य आणि तळ्यावरची पाखरे

फार पूर्वी हंसतीर नगरात शतधनू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्याच एका कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबात जन्मला. तो लहान असताना एका हिवाळ्यात गावात मर, म्हणजे कोंबड्यांची जीवघेणी साथ, आली. कोंबड्यांचे तुरे काळेनिळे पडले, माना लोंबू लागल्या. त्याच्या बापाने जिवंत उरलेल्या कोंबड्या घाईघाईने बाजारात विकल्या. शेजाऱ्यांनीही तेच केले. त्या गाड्या जिथे जिथे गेल्या तिथली खुराडी ओस पडली, आणि पुढच्या उन्हाळ्यात कितीतरी घरे उपाशी निजली. बोधिसत्त्व ते विसरला नाही.

मोठा झाल्यावर तो राजाचा अमात्य झाला आणि गावोगावच्या पशुपक्ष्यांची देखरेख त्याच्याकडे आली. हिवाळ्यात नगराबाहेरच्या तळ्यावर दूरदेशीची बदके उतरत. रोग त्यांच्याबरोबर येतो आणि माणसांच्या पायांनी, टोपल्यांनी, गाड्यांनी गावोगाव फिरतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. लोक रोग का लपवतात, हेही त्याला माहीत होते. कोंबड्या गेल्या तर खायचे काय, ही भीती त्यामागे होती. म्हणून त्याने राजाकडून एक कोठार बांधून घेतले. जो कोणी आपल्या खुराड्यातला रोग आपणहून सांगेल, त्याच्या घरी नवी पिल्ले वाढेपर्यंत या कोठारातून धान्य जाईल, अशी दवंडी पिटवली.

त्यानंतर दर हिवाळ्याच्या तोंडाशी तो गावे फिरू लागला. कोंबड्या तळ्याकडे सोडू नका, बदके आणि कोंबड्या एकत्र कोंडू नका, खुराड्याच्या दाराशी चुना टाका, परगावची टोपली आत आणू नका, असे तो सांगे. पहिली काही वर्षे लोकांनी ऐकले. पण रोग आला नाही. मग लोक कंटाळले.

"अमात्य, गेल्या साली हेच सांगितलंत," लोक म्हणत.

"हो. आणि पुढच्या सालीही सांगायला येईन," बोधिसत्त्व म्हणे.

त्याचे केस पांढरे झाले, गुडघे दुखू लागले. सांगून सांगून त्याचे शब्द त्यालाच बेचव वाटू लागले. कधी कधी गावाच्या वेशीवर तो बराच वेळ नुसता बसून राही. पुन्हा उठून आत जाणे त्याच्या जिवावर येई. तरी तो उठे.

एके वर्षी कोषाध्यक्ष पिंगल राजाला म्हणाला, "महाराज, न आलेल्या रोगासाठी धान्य किती वर्षे राखायचे? यंदाच्या उत्सवात ते वाटून टाकावे. लोक आपले नाव घेतील."

राजाने बोधिसत्त्वाला बोलावले. "तू थकला आहेस," तो मायेने म्हणाला. "कोठार सोडून दे. पूर्वेकडचा प्रांत तुझ्या नावाने करतो. तिथे आरामात राहा."

आरामाची इच्छा बोधिसत्त्वाला खरोखरच झाली होती. मग तो म्हणाला, "महाराज, मी थकलो आहे हे खरे. पण रोगाला ते ठाऊक नाही. उत्सवासाठी धान्य हवे असेल, तर माझ्या निर्वाहासाठी दिलेली गावे परत घ्यावीत. त्यांचे उत्पन्न उत्सवाला लावावे. कोठार तेवढे राहू द्यावे."

राजाला वाईट वाटले, पण त्याने तसे केले. बोधिसत्त्व मोठे घर सोडून दोन खोल्यांच्या घरात राहायला गेला. नगरात लोक त्याला हसले.

पुढे एका हिवाळ्यात तळ्याकाठच्या वेताच्या बेटात मेलेली बदके सापडली. त्याच सुमारास काठावरच्या गावातल्या चंपिका नावाच्या विधवेच्या काही कोंबड्या माना टाकून पडल्या. दारात व्यापाऱ्याची गाडी उभी होती. "उभ्या आहेत तेवढ्या आत्ताच दे, सगळ्या घेतो," तो म्हणाला. चंपिका बराच वेळ खुराड्याकडे पाहत राहिली. मग तिने गाडी परत पाठवली आणि ती थेट बोधिसत्त्वाच्या दारी आली.

"माझ्या घरी मर आली आहे," ती म्हणाली. "तुमचे धान्य खरेच आहे, की नुसते सांगण्यापुरते?"

"चल, डोळ्यांनी पाहा," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने कोठार उघडले आणि आधी तिची गोणी भरली. मगच त्याने गावाच्या वाटा बंद करवल्या. आतल्या लोकांसाठी धान्य वेशीवर पोहोचवले जाऊ लागले. मेलेल्या कोंबड्या त्याने लोकांबरोबर खोल खड्ड्यांत पुरल्या, वर चुना पसरला. ज्या जगल्या, त्या कोंडूनच ठेवल्या. चंपिकेला धान्य मिळाले हे कळताच शेजारच्या गावातूनही लोक आपणहून सांगायला आले.

तेव्हा पिंगलाने, तळ्यावरची पाखरेच मारून टाका, असे सांगून लोकांना चिथावले. जाळी आणि मशाली घेऊन जमाव तळ्यावर निघाला. बोधिसत्त्व वाटेत जाऊन उभा राहिला. उभे राहवेना, तेव्हा तिथेच खाली बसला.

"बाजूला व्हा, अमात्य. या पाखरांनीच आमचा घास घेतला," एकजण म्हणाला.

"ती थंडीतून जगायला आली आहेत, त्यांतलीही मरत आहेत," बोधिसत्त्व म्हणाला. "तुम्ही तळ्यात उतरलात, तर रोग तुमच्या पायांना लागून घरी येईल. आणि घाबरून उडालेली पाखरे दुसऱ्या गावावर उतरतील. माझ्यात भांडायचे बळ नाही, बाबांनो. घरी जा, कोंबड्या आत ठेवा."

बळजोरीने त्याला कोणी हलवले नाही. हळूहळू मशाली विझल्या. थंडी सरल्यावर बदके आपल्या देशी उडून गेली. दोन गावांची खुराडी जवळपास रिकामी झाली होती, बाकीच्या राज्यात कोंबडे पूर्वीसारखे आरवत होते. कोणाच्या घरची चूल विझली नाही.

राजा स्वतः त्याच्या लहान घरी आला. "काय देऊ?" त्याने विचारले.

"कोठार रिकामे झाले आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "या सुगीला ते भरावे."

शास्त्याने, म्हणजे भिक्षूंच्या गुरूने, ही कथा जेतवनाच्या विहारात एका भिक्षूला सांगितली. पाण्यात कधीच जीव दिसत नाही, तरी पिण्याआधी रोज ते गाळायचे, याला तो भिक्षू कंटाळला होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा शतधनू राजा म्हणजे आजचा वडीलधारा भिक्षू, स्थविर उपसीह. पिंगल तो हा भिक्षू, ज्याने काल गाळणे ठेवून दिले. चंपिका आज भिक्षुणी सोमदा आहे. आणि तो अमात्य मीच होतो."

त्या भिक्षूने मान खाली घातली.

"या अखंड सावधपणाला अप्रमाद म्हणतात," शास्ता म्हणाला. "थकलेल्या माणसालाही तो पाळता येतो."