डावखुऱ्या आईचे बोंडले

फार पूर्वी गोदावरीच्या काठी मेघवती नावाच्या नगरीत राजा चंद्रसेन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका कासाराच्या घरी जन्म घेतला आणि मोठा होऊन तो काशाची भांडी घडवू लागला.

त्याची पहिली मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली. तिला ओढून पिता येईना, आणि पळीने पाजले तर दूध हनुवटीवरून मानेवर ओघळे. तान्हे बाळ दोन घोट कमी प्याले की आईच्या मनात काय काय येते ते इथे लिहीत नाही; ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. बोधिसत्त्वाने सहा दिवस भट्टीपुढे बसून एक भांडे घडवले. ओंजळीत मावेल एवढी वाटी, तिला चिमणीसारखी चोच, आणि कडेला अंगठा टेकवायला खळगी. मुलगी प्याली. लोक त्या भांड्याला बोंडले म्हणू लागले आणि नगरातल्या बाळंतिणी त्याच्या ओसरीवर येऊ लागल्या.

घडवण्याआधी तो प्रत्येकीला विचारी, "ताई, पाजताना कोणत्या हातात धरणार?" उजव्या हाताची असेल तर चोच एकीकडे किंचित वळवी, डावखुरी असेल तर दुसरीकडे. कासे थंड असताना वळवले तर तडकते. ते लाल असतानाच, एका दमात वळवावे लागते. हे तो कितीतरी भांडी फोडून शिकला होता. शेवटी तयार चोच तो स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवी. कासाराची बोटे राठ होतात, त्यांना बारीक कंगोरा कळत नाही. ओठाला कळतो.

त्याच गल्लीत नंदिक नावाच्या कासाराचे मोठे दुकान होते. बारा भट्ट्या, बारा कारागीर. नंदिकाने एका बाईकडून बोंडले मागून आणले, त्यावरून मातीचा साचा काढला आणि पंधरा दिवसांत दोनशे बोंडली ओतून निम्म्या किमतीत विकली. बोधिसत्त्वाची ओसरी ओस पडली.

त्याची बायको उत्पला नंदिकाच्या दुकानावरून फेरी मारून आली ती धुमसतच. "अहो, खळगीसुद्धा तीच! निदान लाजेखातर एखादं फूल तरी कोरायचं मेल्यानं! तुम्ही भाव उतरवा, नाहीतर राजाकडे चला. नुसते बसू नका."

"बसलोय कुठे? सुमनेचं बोंडलं करतोय."

"ती एकटीच तर गिऱ्हाईक उरलीय!"

"मग तिचं तरी नीट होऊ दे."

बोलला खरा, पण मनात त्यालाही धाकधूक होती. हे काम बंद पडले तर भट्टी थंड होणार, घर उघड्यावर येणार. भाव उतरवायचा तर विचारायला आणि ओठावरून फिरवायला वेळ उरणार नव्हता. तो वेळ सोडला की तोही नंदिकच. फक्त बारा भट्ट्या नसलेला. त्याने तो वेळ सोडला नाही.

एका दुपारी रेवती नावाची बाई धापा टाकत आली. कडेवरचे बाळ खोकत होते.

"दादा, दूध नाकात जातंय हो. सकाळी निळा पडला होता माझा सोन्या."

बोधिसत्त्वाने तिच्या हातातले बोंडले पाहिले. ते नंदिकाकडचे होते, आणि त्याची चोच डाव्या हातासाठी वळलेली होती. नंदिकाने नमुना म्हणून आणलेले बोंडले नेमके एका डावखुऱ्या आईचे होते. साच्याला काय ठाऊक! दोनशेच्या दोनशे बोंडली तशीच ओतली गेली. उजव्या हाताने पाजले की धार जिभेवर न पडता थेट घशात जाई.

उत्पला खळखळून हसली. मग तिचे लक्ष बाळाकडे गेले आणि ती पुढे होऊन त्याची पाठ चोळू लागली.

बातमी राजवाड्यात पोचली. अमात्यांनी बोधिसत्त्वाला बोलावले. "नंदिकाचं दुकान मी उद्याच बंद करतो. यापुढे या नगरीत बोंडलं करायचा हक्क फक्त तुझा. राजमुद्रा देतो. तू नुसती मान हलव."

"स्वामी, आणि घरोघर गेलेली दोनशे?"

"फेकतील लोक."

"गरिबाघरची बाई काशाचं भांडं फेकत नाही, स्वामी. संध्याकाळी त्यातूनच पाजेल. माझ्या एका भट्टीवर दोनशे चोची वळवायला चार महिने लागतील. बाळं तोवर थांबणार नाहीत. नंदिकाकडे बारा भट्ट्या आहेत. त्या बंद करू नका. बोंडली परत आणून द्या, अशी दवंडी तेवढी पिटा."

त्याने मान हलवली नाही. तो तिथून सरळ नंदिकाच्या दुकानात गेला.

"हसायला आलास होय रे?" नंदिक म्हणाला.

"भाते चालू कर. आणि पहिलं बोंडलं इकडे दे."

कासे किती लाल झाले म्हणजे वळते, सांडशी कुठे धरायची, हात कधी थांबवायचा, हे त्याने बाराही कारागिरांना दाखवले. नंदिक जवळ आला.

"हे मला का शिकवतोस? उद्या हेही मी विकीन."

"वीक. पण बाईला विचारल्याशिवाय वळवू नकोस. आणि हे केल्याशिवाय देऊ नकोस." बोधिसत्त्वाने नुकतेच वळवून गार झालेले एक बोंडले त्याच्या हाती दिले. "ओठावरून फिरव."

नंदिकाने फिरवले. ओठावर रक्ताची बारीक रेघ उमटली. तो खाली बसला आणि एकेक बोंडले घासू लागला.

नवव्या दिवशी दोनशे बोंडली आपापल्या घरी परत गेली. बोधिसत्त्व घरी आला तेव्हा उत्पला दारातच उभी होती.

"चोच त्या नंदिकाची झाली, खळगीही त्याची झाली, वळवायची रीतही देऊन आलात. राजमुद्रा नको म्हणालात. आता आपल्याकडे उरलं काय?"

त्याने उत्तर देण्याआधीच एक अनोळखी बाई ओसरी चढून आली. तिच्या बाळाची तोंडातली टाळू जन्मतःच फाटलेली होती. उजवे, डावे, कोणतेच बोंडले त्याला चालत नव्हते.

बोधिसत्त्व जमिनीवर बसला. "ताई, पाजा बरं एकदा. घाई नको, मला बघू द्या." दूध कुठून ओघळते ते तो बघत राहिला. "आता पुन्हा एकदा."

उत्पलेने पदर खोचला आणि भट्टीत कोळसे टाकले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, विहारात भांडणाऱ्या दोन भिक्षूंना सांगितली. एकाने दुसऱ्याचे प्रवचन शब्दन् शब्द उचलले होते, आणि दुसरा त्या रागाने नवे प्रवचन रचायचेच विसरला होता. शास्ता म्हणाला, "शब्द उचलणाऱ्या, त्या जन्मी नंदिक तू होतास. रागावलेल्या, तू उत्पला. म्हणून सांगतो, कोळसे टाकायचे तुला येते, पुन्हा कामाला लाग. तो कासार मी होतो. हाती घेतलेले काम दुसऱ्याकडे बघून न सोडणे आणि त्यातले हिताचे ते कोणापासून न लपवणे, याला अधिष्ठान पारमिता, म्हणजे निर्धाराची परिपूर्णता, म्हणतात."