मालकाचं नाव

“पण मला कळायचं कसं?”

अंजिराने विचारलं होतं ते याच शब्दांत, की हे शब्द मी नंतर माझ्या मनाने बसवले, याची आता खात्री देता येत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली. जुनं सांगताना माणूस स्वतःला थोडा बरा करून घेतो. मी तसं करत असेन, तर वाचणाऱ्याने तेवढं वजा करावं.

एवढं नक्की, की प्रश्न तिने मला विचारला नव्हता. उंबऱ्यावर बसलेल्या ठकूआजीला विचारला होता. उत्तर मात्र मी दिलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. हातात नवी पदवी, सुवर्णपदक, आणि धरणाच्या काठावरचं दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र. पलीकडच्या वाड्यांना इकडे यायला रस्ता नव्हता. लाँच होती. सकाळी यायची, दुपारी चारला परत जायची.

ठकूआजी त्या काठाची सुईण. केंद्रात तिला काही काम नव्हतं, तरी रोज येऊन उंबऱ्यावर बसायची. मी तिला माझ्या हाताखालची समजत होतो.

अंजिराचे दिवस भरत आले होते. तिचं पहिलं मूल लाँचवर, भर पाण्यात झालं होतं, आणि काठ लागायच्या आत गेलं होतं. त्या वेळी तिला वाटलं होतं, अजून अवकाश आहे. म्हणून आता जरा दुखलं की ती सासूला घेऊन लाँच धरायची. पंधरवड्यातली ही तिसरी खेप. दोनदा मी तिला परत पाठवलं होतं.

“चार खुणा,” मी बोटं मोजत म्हणालो. “एक, कळा ठरावीक वेळाने येतात, जवळजवळ येत जातात, वाढत जातात. चाललं, निजलं, कूस बदलली तरी थांबत नाहीत. दोन, कंबरेत सुरू होऊन पोटाकडे येतात. तीन, अंगावरून चिकट, रक्ताळलेलं जातं. चार, पाणी जातं. पाणी गेलं तर कळांची वाटच बघायची नाही. निघायचं.”

तिचे डोळे भरून आले.

“मागल्या बारीला कंबरच दुखत हुती, साहेब. मला वाटलं, भात लावून दुखतीया.”

सासू म्हणाली, “कळ आली की कळतंय बाईला. म्हणून तर तिला कळ म्हंत्यात.”

“मला न्हाई कळलं, आत्ती…”



मी तिला तपासलं. पिशवीचं तोंड जेमतेम एक बोट उघडलेलं. दुसऱ्या बाळंतपणाला तेवढं असतंच. कळा कधी सहा मिनिटांनी, कधी वीस. मध्येच चालायला लावलं तर थांबल्या. खोट्या कळा. चारच्या लाँचने परत, असं मी सांगून टाकलं.

तिला ठेवून का घेतलं नाही? त्या आठवड्यात जुलाबाची साथ होती, दोन्ही खाटांवर रोगी होते. आणि नुसत्या धास्तीने आलेल्या बाईला ठेवून घेणं माझ्या पदकाला शोभेल असं मला वाटत नव्हतं. दुसरं कारण जास्त खरं असावं.

ठकूआजीने एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं.

“अंजिरे, मालकाचं नाव काय गं?”

अंजिरा ओल्या डोळ्यांनी लाजली. मग एका दमात म्हणाली,

“धरणाच्या पाण्यात डुलते लाँच,
कोंडिबारावांच्या घरात सासूचा न्हाई जाच.”

“ऐका!” सासू ओरडली. “जाच न्हाई म्हनं! घरी चल, दावते तुला!”

आम्ही सगळेच हसलो. हसता हसता अंजिराला कळ आली. तिने दाराची चौकट धरली, थांबली, आणि कळ गेल्यावर उरलेलं हसली.

मी घड्याळ बघून वेळ टिपली. ठकूआजीने सुपारी कातरायला घेतली.

दोनच्या सुमाराला तिने पुन्हा विचारलं. “मालकाचं नाव काय गं?”

“मगाशी सांगितलं की!” अंजिराने पदर तोंडावर ओढला. “सारखं सारखं घिऊ व्हय ह्येंचं नाव?”

“आजी, तुम्हाला विसरायला होतं का हल्ली?” मी म्हणालो.

“म्हातारी झाले की, बाळा.”

मग तीननंतर एकदा विचारलं. मध्ये आणखी एकदा विचारलं होतं का, ते आता आठवत नाही. या वेळी अंजिरा हसली नाही. नुसती मान हलवली. पण पदर तोंडावर गेला.

ठकूआजी पुन्हा सुपारीकडे वळली.

“कळा अजून बारा मिनिटांवर आहेत,” मी कुणी न विचारता सांगितलं.

चारला लाँचचा भोंगा झाला. सासू गाठोडं घेऊन पुढे चढली. अंजिराचा एक पाय फळीवर, एक पाय चिखलात. मी मागे उभा होतो, तिला नीट चढवून द्यायला. ठकूआजी काठावरच्या दगडावर टेकली होती.

अंजिरा थांबली. पाण्याकडे बघत राहिली.

“कोंडिबा,” ती म्हणाली.

ओरडली नाही. अंगणात लाकडं फोडणाऱ्याला आत बोलवावं, तशी हाक.

मी मागे वळून बघितलं. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. मला वाटलं, तो आला.

“कुठं आहेत?” मी विचारलं.

लाँचवरून सासूने तोंडावर हात ठेवला. “आगं बया! समद्यांम्होरं?”

अंजिराला ते ऐकूच गेलं नाही.

ठकूआजी उठली. फळीवरून चढली, सासूच्या हातातलं गाठोडं घेतलं, डोक्यावर ठेवलं, सासूला घेऊन खाली उतरली आणि लाँचवाल्याला म्हणाली, “सोड रं.”

“आजी, थांबा. मी पुन्हा तपासलेलं—”

“बाळा, तिचा हात धर. त्या अंगानं.”

मी धरला.

ठकूआजीचं खोपट काठापासून चाळीस पावलांवर. उंबऱ्यातच अंजिराचं पाणी गेलं. दिवस मावळायच्या आत मुलगा झाला. नाळेचा एक वेढा त्याच्या मानेभोवती होता. तो सोडवणं मला येत होतं. लाँचवर मी नसतो.

आधी तो गप्प होता…

मग रडला. त्याच्यामागून सासू रडली. अंजिरा रडली नाही. “द्या की इकडं,” एवढंच म्हणाली.

बाहेर ठकूआजी तांब्याने माझ्या हातांवर पाणी घालत होती.

“आजी, माझ्या खुणा चुकीच्या आहेत का?”

“न्हाई. चारी खऱ्या हाईत. पोरींना सांगत जा.”

“मग ही पाचवी?”

“पाचवी व्हय? ती पाचव्या दिशी. जेवाय ये.”

“चेष्टा नको, आजी. नावाचं विचारतोय.”



“लाज हाय तोवर लाँच हाय.”

पुढे तीस वर्षं मी शिकवलं. त्या चार खुणा शिकवल्या. ही सांगायचं धाडस झालं नाही. कुठल्या आधाराने सांगणार? शिवाय शहरात ती चालतही नाही. तिथे बायका नवऱ्याला दिवसभर नावानेच हाक मारतात.

पण त्या संध्याकाळी मला एक विचारावंसं वाटलं. शरम झाकायला माणूस काहीतरी विचारतो, तसं.

“आजी, तुमच्या वेळी तुम्हीही असंच मालकांचं नाव घेतलं होतं का?”

तिने तांब्यातलं उरलेलं पाणी दाराजवळच्या अळूला घातलं.

“म्या? म्या अजून घेतलं न्हाई.”

म्हातारीची लाज, असं समजून मी हसलो. तीही हसली.

एकवीस वर्षांनी त्या काठावर पुन्हा गेलो, तेव्हा ठकूआजी राहिली नव्हती. अंजिरा भेटली. तिला दोनदा विचारून मी खात्री करून घेतली. ठकूआजीला मूल झालं नव्हतं.